रंग गेले, रेघ राहिली

आधीच कबूल करून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणसत्तर' म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन, यात माझा अजूनही गोंधळ होतो. आणि मराठी विभागासाठी लेख लिहायला घेतला तर तोही अशा माणसावर, ज्याचा जन्म अठराशे एकोणसत्तर सालचा! तेव्हा चुका झाल्या तर पोटात घाला.

तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. आता मेकॅनिकलच्या मुलीने उद्योगपतींवर लेख लिहिणं यात नवल नाही. पण मला ते उद्योगपती म्हणून नाही, तर चार-पाच वेळा धंदा-नोकरी बदलावी लागलेला माणूस म्हणून हवे होते. त्याला कारण आमच्या घरात घडलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी वसमतला घरी गेले तर दादा आधीच तिथे होता. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, पुण्यात सॉफ्टवेअर डेव्हलपर. टेस्टिंगपासून सुरुवात केली, मग जावा शिकला, आठ वर्षांत तीन कंपन्या केल्या. पहिल्या दोन त्याने स्वतः सोडल्या. तिसरीने मात्र एका सकाळी मीटिंग घेऊन बऱ्याच जणांना घरी पाठवलं, त्यात हा होता. मोंढ्यात काकांचं आडत दुकान आहे. तिथे कुणी 'एवढी लांब सुट्टी कशी' असं विचारू नये म्हणून दादा दुकानाकडे फिरकतच नव्हता. सकाळी उठून शेतात जायचा, तो अंधार पडल्यावर यायचा.

माझं म्हणाल तर पुढच्या सेमिस्टरला कॅम्पस. येणाऱ्या कंपन्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या. बाबा म्हणतात, दादाचं बघितलंस ना, त्या फंदात पडू नको. आई म्हणते, जे मिळेल ते घे. दादाला विचारलं तर तो नुसता हसला.

एक दिवस मी त्याच्यामागे शेतात गेले. विहिरीवर आता मोटर आहे, पण आजोबांच्या वेळचं डिझेल इंजिन अजून पत्र्याच्या शेडमध्ये पडून आहे. त्यावर ओतीव अक्षरांत नाव आहे, किर्लोस्कर. लहानपणी मला वाटायचं, इंजिनालाच किर्लोस्कर म्हणतात! त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की हे एका माणसाचं नाव आहे. कॉलेजला परत आल्यावर लायब्ररीत शोधाशोध केली आणि जे वाचलं ते थेट आमच्या घराला लागू पडणारं निघालं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, पण हाताला चित्रकला होती. वडील काशिनाथपंतांना हे काही पसंत नव्हतं. थोरले बंधू रामुअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली हा सोळा वर्षांचा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

आणि दोन वर्षांतच कळलं की त्याला सगळे रंग नीट ओळखता येत नाहीत! चित्रकाराला रंगांधळेपणा! आपल्याकडे एक केटी लागली तरी आयुष्य संपल्यासारखं वाटतं. इथे तर अख्खं करिअरच सुरू होण्याआधी संपलं होतं.

पण रंग गेले तरी रेघ शाबूत होती. लक्ष्मणराव यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, म्हणजे आपण फर्स्ट इयरला मिनी ड्राफ्टर घेऊन जे करताना रडतो ते! त्यात त्यांनी इतका हात बसवला की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आताच्या व्हीजेटीआयमध्ये, ते ड्रॉइंगचे शिक्षक झाले. शिकवून झालं की संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतः यंत्रांवर काम करायचे. ते काही कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं आणि त्याचे मार्कही नव्हते.

त्याच काळात सायकल नावाची नवी वस्तू मुंबईत आली होती. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, वर लोकांना चालवायलाही शिकवायच्या, असा जोडधंदा भावांनी सुरू केला. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो, ती या सायकलींपासून. पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा हक्क लक्ष्मणरावांचा असताना ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. हा अपमान गिळून तिथेच राहता आलं असतं. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

चित्रकार, शिक्षक, सायकलवाला. आता पुढे काय? आजूबाजूला शेतकरी होते, म्हणून शेतीची अवजारं. अमेरिकन तांत्रिक मासिकं मागवून, वाचून ते एकेक गोष्ट शिकत गेले. तिथे शिकवायला मास्तर नव्हता, पण ड्रॉइंग वाचता येत होतं. पहिलं यंत्र केलं ते कडबा कापायचं. त्यानंतर लोखंडी नांगर. पण शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडाने जमीन विषारी होते. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. दोन वर्षं! आपण मोबाईलवर मेसेज टाकून दोन मिनिटांत रिप्लाय नाही आला तर बेचैन होतो.

गाडी जरा रुळावर येते तोच नवं संकट आलं. कारखान्याची जागा नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी हवी होती, तेव्हा जागा सोडणं भाग पडलं. चाळिशीतला माणूस, अंगावर कामगारांची जबाबदारी आणि उभं राहायला जागा नाही. तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. (हे राजेसाहेब स्वतः चित्रकार होते बरं का!) त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. माळावर होते निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. आधी माळ साफ केला, मग कारखाना आणि घरं. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना गावात कोणी उभं करत नसे. लक्ष्मणरावांनी अशांनाही कामावर घेतलं आणि वाडीच्या राखणीला ठेवलं. त्यांच्या वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही हाही नियम होता.

मग पहिलं महायुद्ध आलं. बाहेरून येणारं लोखंड थांबलं, दगडी कोळसा मिळेना. त्यांनी लाकडी कोळशावर भट्टी चालवली, जुन्या तोफा मिळवून वितळवल्या आणि त्यांचे नांगर केले. हे वाचताना मी एकटीच लायब्ररीत हसले.

पुढे १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी झाली. चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, पंप निघाले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आला आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. आमच्या शेडमधलं इंजिन याच फांदीवरचं. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

हे सगळं मी फोनवर दादाला सांगितलं. वाटलं, तो खूश होईल. तो म्हणाला की त्यांना रामुअण्णा होते आणि राजेसाहेब होते, मला फ्लॅटचा हप्ता आहे. मला काही उत्तर सुचलं नाही, कारण त्याचं खरं होतं. जिद्द असली की सगळं होतं असं आपण भाषणात बोलतो, पण लक्ष्मणरावांच्या मागेही माणसं होती.

पण नंतर विचार करताना दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे, राजेसाहेबांनी पैसे दिले ते नुसत्या कल्पनेला नाही, नांगर करून दाखवलेल्या माणसाला दिले. लक्ष्मणराव प्रत्येक वेळी धंदा बदलत होते, पण शून्यावर एकदाही आले नाहीत. जे. जे.मधली रेघ व्हीजेटीआयला आली, तिथला यंत्रांवरचा हात बेळगावला आला आणि बेळगावचा नांगर वाडीला आला. नोकरी जाते, पण हातातलं काम कुणी काढून घेऊ शकत नाही. दुसरी गोष्ट, राजेसाहेब सगळ्यांना भेटत नसतील, पण रामुअण्णा व्हायला संस्थान लागत नाही. घरच्यांनी ठरवलं तरी पुरतं. हे मी बाबांना आणि काकांना सांगितलं, जरा घाबरतच.

डिसेंबरमध्ये घरी गेले तेव्हा दादा दुकानात बसलेला होता. काकांनीच त्याला बोलावून नेलं होतं. शेतकऱ्याला हळदीची पट्टी देताना वजन, भाव, हमाली, तोलाई यांचा हिशोब हाताने करावा लागायचा. दादाने त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला होता. दुसऱ्या कंपनीत तो बँकांचे हिशोब जुळवायचं सॉफ्टवेअर करायचा, तेच इथे कामाला आलं. शेजारच्या आडत्यानेही तो मागितला आहे. याचा फार मोठा धंदा होईल असं नाही, दादाचे इंटरव्ह्यूही चालूच आहेत. पण तो आता मागच्या दाराने जात नाही.

आणि मी? मी कॅम्पसला बसणार आहे, सॉफ्टवेअर कंपनीलासुद्धा. पण मिनी प्रोजेक्टला हळद पॉलिश करायचा ड्रम घेतला आहे. वसमतला एका वर्कशॉपमध्ये जाऊन त्याची मापं घेतली, हात काळे झाले, मिस्त्रींनी दोन चुका दाखवल्या. ड्रॉइंग तिसऱ्यांदा काढतेय.

मित्रांनो, ऑफर लेटर कुठलंही येवो, दर वर्षी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा. उद्या ही नोकरी गेली, तर माझ्याबरोबर काय येईल? उत्तर आलं तर घाबरायचं कारण नाही. नाही आलं, तर कॉलेजचं वर्कशॉप संध्याकाळपर्यंत उघडं असतं!