चिपमागचा माणूस : रॉबर्ट नॉइस

मित्रांनो, आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या सेमची गोष्ट. सबमिशन डोक्यावर होतं आणि आम्हाला लॅबच्या भंगार कपाटात दोन जुने लॅपटॉप सापडले. एकात पेन्टियम ४-एम, २ गिगाहर्ट्झ, २००२ सालचा. दुसऱ्यात पेन्टियम एम, १.६ गिगाहर्ट्झ, २००३ सालचा. दोन्ही इंटेलचेच. रूममेटने वडापावची पैज लावली, २ वाला जिंकणार. दोन्हींवर लिनक्स टाकलं, प्राइम नंबर शोधणारा एकच सी प्रोग्रॅम चालवला, आणि १.६ वाला आधी मोकळा झाला! २ वाल्याचा पंखा तोपर्यंत मिक्सरसारखा घरघरत होता.

फंडा साधा आहे. गिगाहर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती ठोके पडतात ते. पण एका ठोक्यात काम किती होतं, हा प्रश्न वेगळाच. पेन्टियम ४ ची पाइपलाइन २० टप्प्यांची. पुढच्या सूचनेचा अंदाज चुकला की आत घेतलेलं काम फेकून पुन्हा सुरुवात. पेन्टियम एमची पाइपलाइन आखूड आणि कॅश दुप्पट, १ एमबी. एकात साधारण ५ कोटी ५० लाख ट्रान्झिस्टर, दुसऱ्यात ७ कोटी ७० लाख.

वडापाव मिळाला, पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. एवढे कोटी ट्रान्झिस्टर एकमेकांना जोडले कोणी? आम्हाला ब्रेडबोर्डवर दहा वायरी धड जोडता येत नाहीत! उत्तर शोधताना जो माणूस भेटला, त्याची ही गोष्ट.

रॉबर्ट नॉइसचा जन्म १२ डिसेंबर १९२७ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. वडील पाद्री, चार भावांत हा तिसरा. घरात पैसा बेताचा. पुढे कुटुंब ग्रिनेल नावाच्या छोट्या गावात स्थिरावलं. बारा वर्षांचा असताना त्याने भावाबरोबर माणूस बसेल एवढा ग्लायडर बनवला आणि तो घेऊन छपरावरून उडी मारली. हातपाय शाबूत राहिले हे नशीब.

कॉलेजही गावातलंच, ग्रिनेल कॉलेज. विषय फिजिक्स आणि मॅथ्स. हुशार होता, पण साधुसंत नव्हता. १९४८ मध्ये हॉस्टेलच्या पोरांनी हवाई बेटांच्या थाटाची पार्टी ठरवली. मेन्यूत भाजलेलं डुक्कर हवं होतं. बॉब आणि त्याच्या एका मित्राने रात्री जवळच्या शेतातून डुकराचं पिल्लू उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी मन खायला लागलं म्हणून दोघे स्वतःच शेतकऱ्याकडे पैसे द्यायला गेले, आणि तिथेच अडकले. शेतकऱ्यांच्या त्या राज्यात जनावर चोरणं हा मोठा गुन्हा. कॉलेजातून कायमचं काढून टाकायची वेळ आली होती. फिजिक्सचे प्राध्यापक ग्रँट गेल मधे पडले, म्हणून शिक्षा एका सेमिस्टरच्या सस्पेन्शनवर निभावली. तेवढे महिने बॉबने न्यूयॉर्कमध्ये विमा कंपनीत आकडेमोड केली आणि परत आला.

परत आला तेव्हा गेल सरांच्या हातात नवीन खेळणं होतं, ट्रान्झिस्टर! १९४७ च्या शेवटी बेल लॅबमध्ये त्याचा शोध लागला होता. शोध लावणाऱ्यांपैकी जॉन बार्डीन सरांच्या ओळखीचे, त्यामुळे गावातल्या कॉलेजात तो इतक्या लवकर पोचला. बॉबला तिथे जो नाद लागला तो कायमचा. १९४९ मध्ये पदवी, १९५३ मध्ये एमआयटीतून पीएचडी.

१९५६ मध्ये नॉइस कॅलिफोर्नियात विल्यम शॉकली यांच्या कंपनीत गेले. शॉकली ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक, त्याच वर्षी नोबेल मिळालेले. पण बॉस म्हणून भयंकर संशयी. शेवटी १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर सुरू केली. आठवे, सगळ्यात शेवटी तयार झालेले, नॉइस.

आता आपला प्रश्न. तेव्हा एका सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो ट्रान्झिस्टर बनवायचे, ते कापून सुटे करायचे, आणि मग हाताने तारा जोडून पुन्हा एकत्र आणायचे. सर्किट जेवढं मोठं, तेवढे जोड जास्त. एक जोड निसटला की सगळं बंद. १९५८ च्या सप्टेंबरात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी जर्मेनियमच्या एकाच तुकड्यावर सगळं सर्किट चालवून दाखवलं. पण त्यातले जोड अजून हाताने लावलेल्या सोन्याच्या तारांचेच होते.

फेअरचाइल्डमध्ये नॉइस यांचे सहकारी जाँ होएर्नी यांनी सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर तसाच ठेवायची प्लेनर पद्धत काढली होती. हा थर विजेला अडवतो. १९५९ मध्ये नॉइस यांना सुचलं, की थराला हवी तिथे भोकं पाडा, वरून ॲल्युमिनियमच्या रेघा छापा, की तारा आपोआप तयार! कापाकापी नको, सोल्डर नको. आपल्या दोन्ही लॅपटॉपमधले कोट्यवधी जोड याच कल्पनेची नातवंडं आहेत.

मग दोन कंपन्यांत पेटंटचं भांडण जुंपलं. १९६९ मध्ये कोर्टाने जोडणीच्या मुद्द्यावर नॉइस यांच्या बाजूने निकाल दिला. पण त्याआधीच, १९६६ मध्ये, कंपन्यांनी आपसात समझोता केला होता. दोघा संशोधकांनी एकमेकांवर कधी चिखल उडवला नाही.

१९६८ मध्ये नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी इंटेल काढली. बिझिकॉम या जपानी कंपनीला कॅलक्युलेटरसाठी डझनभर चिप्स हव्या होत्या. टेड हॉफ यांनी सुचवलं, त्यापेक्षा प्रोग्रॅम करता येईल अशी एकच प्रोसेसर चिप आणि जोडीला दोन-तीन साध्या चिप्स बनवू. नॉइस त्यांच्या पाठीशी राहिले. फेडेरिको फॅगिन यांनी ती सिलिकॉनवर उतरवली, आणि १९७१ मध्ये ४००४ बाजारात आली. ट्रान्झिस्टर फक्त २,३००!

नॉइस यांच्यातही कमतरता होत्या. तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नसे, माणसं कमी करायची वेळ आली की ते कोलमडत. १९७५ मध्ये त्यांनी कंपनीचं रोजचं कामकाज सोडलं. ३ जून १९९० ला ऑस्टिन इथे हार्ट अटॅकने गेले, वय अवघं ६२. २००० साली किल्बी यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं. मेलेल्या माणसाला नोबेल देत नाहीत. पण नॉइस असते तर हा सन्मान दोघांचा असता, हे किल्बी यांनी स्वतःहून सांगितलं.

हे सगळं मी का लिहितेय? कारण त्याच सेमला माझा एम-थ्री गेला. केटी लागली. घरी सांगायची हिंमत दोन आठवडे होत नव्हती. मार्कशीटवरचा एक आकडा म्हणजेच मी, असं वाटत होतं. तेव्हा ते दोन लॅपटॉप आठवले, आणि डुकरापायी सस्पेंड झालेला बॉबही. त्याच्या रेकॉर्डवरही एक सेमिस्टर कोरं होतं.

पण त्याच्या बाजूने बोलायला गेल सर होते, हेही खरं. आमच्या स्टाफरूमनेही हे वाचावं, एवढीच नम्र विनंती. आणि हो, एम-थ्री मी पुन्हा देतेय. क्लॉक स्लो आहे माझा, पण पाइपलाइन चालू आहे!