डॉ. ॲलिक आयझॅक्स

देवीची लस शोधणारा जेन्नर आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परंतु लस टोंचण्यापूर्वींहि आपलें शरीर ज्या द्रव्याच्या बळावर विषाणूंशीं झुंजतें, त्याचे शोधक डॉ. आयझॅक्स हे वैद्यकशास्त्रांत सुप्रसिद्ध असूनहि शाळेच्या पुस्तकांत क्वचितच भेटतात.

त्यांचा जन्म १९२१ सालीं ग्लासगो शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. वैद्यकीची पदवी मिळाल्यावर त्यांचें मन विषाणूंकडे ओढलें, व ऑस्ट्रेलियांत बर्नेट ह्या थोर शास्त्रज्ञापाशीं राहून त्यांनीं इन्फ्लुएंझाचा अभ्यास केला.

एका विषाणूनें ग्रासलेल्या पेशींत दुसऱ्याची वाढ सहसा होत नाहीं, हें कोडें तेव्हां जुनेंच होतें. १९५६ सालीं लंडनमधील मिल हिल येथील संशोधनसंस्थेंत स्वित्झर्लंडहून ज्याँ लिंडेनमन आले. दोघांनीं कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यांतील पातळ पडद्याचे तुकडे, उष्णतेनें निर्जीव केलेले विषाणु घातलेल्या द्रवांत ठेविले. मग ते काढून तोच द्रव ताज्या तुकड्यांस दिला. ह्या ताज्या तुकड्यांत जिवंत विषाणूंची वाढ खुंटली! अर्थात् पेशींनींच कांहीं रक्षक द्रव्य बाहेर सोडलें होतें. १९५७ सालीं त्यांनीं त्यास इंटरफेरॉन हें नांव दिलें.

दरोडा पडलेल्या घराचा धनी स्वतः वांचो वा न वांचो, आरोळी देऊन शेजाऱ्यांस सावध करितो, तसेंच हें. हें द्रव्य शेजारच्या पेशींस चिकटतें, आणि त्या विषाणूंस रोखणारीं प्रथिनें आंत तयार करूं लागतात.

परंतु तें इतकें अल्प मिळे कीं, शुद्ध स्वरूपांत कोणासच दाखवितां येईना. अमेरिकेंतील कांहीं शास्त्रज्ञांनीं तर तें काल्पनिकच म्हणून थट्टा आरंभिली. उघड विरोधापेक्षां अशी थट्टाच अधिक झोंबते, असें आम्हांस वाटतें. आयझॅक्स ह्यांस मधून मधून खिन्नतेचा विकार होई. पुढें मेंदूंत रक्तस्रावहि झाला. तरी प्रयोगशाळा सुटली नाहीं. १९६६ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें, आणि पुढल्याच जानेवारींत, अवघ्या ४५ व्या वर्षीं, ते निवर्तले.

शुद्ध इंटरफेरॉन १९७८ च्या सुमारास हातीं आलें. १९८० सालीं झुरिक येथें वाइसमन ह्यांनीं मनुष्याचें इंटरफेरॉन जंतूंकडून करवून घेतलें. हें एकच द्रव्य नसून मोठें कुटुंब आहे, हेंहि ह्या सुमारास स्पष्ट झालें. अल्फाच्याच डझनभर पोटजाती. बीटा हें त्याचें सख्खें भावंड. गामा हें विशिष्ट श्वेतपेशींतून निघून भक्षक पेशींस चेतवितें. २००३ सालीं सांपडलेलें लॅम्डा मुख्यतः फुप्फुसें व आंतडीं ह्यांच्या अस्तराचें रक्षण करितें. (फ्लूमध्यें अंग मोडून ताप भरतो, त्यांत ह्या रक्षकांचाहि हात असतो!)

१९८६ सालीं अमेरिकेंत अल्फास एका जातीच्या रक्ताच्या कर्करोगावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. तो दिवस पाहावयास लिंडेनमन होते. ते २०१५ सालीं वारले.