योसेफ सुदेक
योसेफ सुदेक (१७ मार्च १८९६, कोलीन, बोहेमिया – १५ सप्टेंबर १९७६, प्राग) हे चेक छायाचित्रकार होते. काचेचा पेला, अंडे, कांदा, पावाचा तुकडा, दव धरलेली खिडकी अशा नित्याच्या वस्तूंची त्यांनी काढलेली छायाचित्रे विसाव्या शतकातील महत्त्वाच्या कलाकृतींत गणली जातात. त्यांना 'प्रागचे कवी' असेही म्हटले जाते.

प्रारंभीचे जीवन
सुदेक यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील कोलीन या गावी झाला. वडील घरांना रंग देण्याचे काम करीत. सुदेक लहान असतानाच त्यांचे निधन झाले. पुढे सुदेक यांनी प्राग येथे पुस्तकबांधणीचे शिक्षण घेतले आणि याच काळात त्यांना छायाचित्रणाची गोडी लागली. पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात भरती व्हावे लागले. इटलीच्या आघाडीवर ते जखमी झाले व त्यांचा उजवा हात खांद्यापासून कापावा लागला. पुस्तकबांधणी हे दोन्ही हातांचे काम असल्याने तो व्यवसाय कायमचा सुटला. मात्र अपंग सैनिक म्हणून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनामुळे त्यांना छायाचित्रणाकडे वळता आले. जखमी सैनिकांसाठी असलेल्या प्रागमधील निवासात त्यांनी आपल्या सोबत्यांची छायाचित्रे काढली. १९२२ ते १९२४ या काळात त्यांनी प्रागच्या शासकीय ग्राफिक कला विद्यालयात कारेल नोवाक यांच्या हाताखाली शिक्षण घेतले.

१९२६ मध्ये ते चेक फिलहार्मोनिक वाद्यवृंदातील मित्रांसह इटलीला गेले. तेथे एका कार्यक्रमातून मध्येच उठून ते एकटेच निघाले आणि जेथे आपला हात गमावला होता, ते ठिकाण शोधत गेले. सुमारे दोन महिन्यांनी ते प्रागला परतले. यानंतरचे त्यांचे महत्त्वाचे सर्व काम प्राग व चेक प्रदेशातच झाले.

व्यावसायिक कारकीर्द
१९२४ पासून सुदेक यांनी प्रागमधील सेंट व्हीटस कॅथेड्रलच्या बांधकामाची छायाचित्रे घेतली. कित्येक शतके रखडलेली ही वास्तू तेव्हा पूर्णत्वास जात होती. वास्तूची भव्यता दाखविण्याऐवजी त्यांनी फळ्या, दोर, ढिगारे, ढकलगाड्या आणि त्यांवर पडणारे उन्हाचे कवडसे टिपले. ही चित्रमालिका १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली. याच सुमारास प्रागच्या माला स्त्राना भागातील एका अंगणात असलेल्या लाकडी खोलीत त्यांनी आपला स्टुडिओ थाटला. 'द्रुझस्तेव्हनी प्रात्से' या प्रकाशन संस्थेसाठी त्यांनी व्यक्तिचित्रे तसेच काचसामान व चिनी मातीच्या भांड्यांची जाहिरात-छायाचित्रे काढली. काचेतून प्रकाश कसा वळतो व भांड्याच्या कडेवर कसा थांबतो, याचा अभ्यास त्यांना या कामात घडला.

खिडकीची चित्रमालिका
१९३९ मध्ये नाझी जर्मनीने प्रागचा ताबा घेतला. मोठा कॅमेरा घेऊन शहरात फिरणे कठीण झाल्यावर सुदेक यांनी आपल्या स्टुडिओची खिडकी हाच विषय निवडला. १९४० ते १९५४ या काळात त्यांनी या एकाच खिडकीची छायाचित्रे घेतली. खिडकीबाहेर वेड्यावाकड्या खोडाचे एक झाड होते, तर आतल्या कट्ट्यावर एखादे फूल, फळ किंवा पेला ठेवलेला असे. विषय तोच राही, पण काच मात्र रोज वेगळी दिसे. हिवाळ्यात तिच्यावर हिमाची नक्षी उमटे. खोलीतील उबेने तिच्यावर बाष्प जमे, तर पावसात थेंबांचे ओघळ दिसत. दव धरलेल्या काचेतून येणारा प्रकाश पसरट व मऊ होत असल्याने बाहेरचे झाड केवळ सावलीसारखे दिसे. कॅमेऱ्याचा फोकस काचेवर धरला की झाड पुसट होई, झाडावर धरला की थेंब विरघळत. बंदिस्त काळात निर्माण झालेली ही मालिका त्यांची सर्वांत परिचित कृती ठरली.

कार्यपद्धती
१९४० मध्ये एका शिल्पाच्या जुन्या छायाचित्राची मोठी कॉन्टॅक्ट प्रिंट त्यांच्या पाहण्यात आली. तिच्यातील बारकाव्यांनी प्रभावित होऊन त्यांनी विवर्धन करणे जवळजवळ सोडून दिले. कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापले जात असल्याने चित्र निगेटिव्हच्याच आकाराचे मिळते. त्यामुळे काळ्या-पांढऱ्यामधील करड्या छटा अबाधित राहतात. यासाठी मोठे व जड कॅमेरे वापरणे आवश्यक होते. सुदेक ते एका हाताने, प्रसंगी दातांचा आधार घेऊन हाताळत. त्यांनी वस्तूंची मांडणी साधी ठेवली. प्रकाश हवा तसा येईपर्यंत थांबणे हा त्यांच्या कामाचा मुख्य भाग होता.

उत्तरायुष्य
१९५० च्या दशकात त्यांनी अंडी, कांदे, पाव व पाण्याचे पेले यांची स्थिरचित्रे केली. १०×३० सेंमी. आकाराचे निगेटिव्ह देणाऱ्या जुन्या कोडॅक कॅमेऱ्याने टिपलेली प्रागची २८४ रुंद दृश्ये १९५९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. खोलीत साठत गेलेले कागद, दोऱ्या व पुडकी यांच्या पसाऱ्यालाही त्यांनी 'चक्रव्यूह' या मालिकेचा विषय केले. ते अविवाहित राहिले. संगीत हा त्यांचा दुसरा छंद होता व ध्वनिमुद्रिका ऐकण्यासाठी मित्र त्यांच्याकडे जमत.

वारसा
सुदेक यांचे १९७६ मध्ये प्राग येथे निधन झाले. त्यांचा लाकडी स्टुडिओ १९८५ मध्ये आगीत जळाला. २००० मध्ये त्याच जागी त्याची प्रतिकृती उभारण्यात आली. तेथे आता छायाचित्रांची प्रदर्शने भरतात.