वेगाचा राजा आणि उशिरा आलेला मान

मैत्रिणींनो, परवा लेक टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल बघत बसला होता. नाव फुटबॉल आणि चेंडू मात्र हातात! हा कसला खेळ, म्हणून मी नाक मुरडलं. पण घड्या घालता घालता थोडी बसले, त्यानं समजावलं ते ऐकलं आणि त्यातूनच मला बॉब हेज भेटला. त्याची गोष्ट वाचली आणि दोन दिवस डोक्यातून जाईना.

बॉबचा जन्म १९४२ चा, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल गावी. कृष्णवर्णीय मुलगा. त्या काळी तिकडे गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. बॉब शिकला तेही कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठात. पायात मात्र वारं भरलेलं!

१९६४ चं टोकियो ऑलिम्पिक आठवतंय? आपल्या हॉकी संघानं पाकिस्तानला हरवून सुवर्ण आणलं, तेच. तिथं शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीच्या वेळी बॉबचा एक बूट सापडेना. दुसऱ्याचा बूट मागून घातला. त्यात मिळाली पहिली मार्गिका, चालण्याच्या स्पर्धेनं उखडून ठेवलेली. तरी पठ्ठ्यानं दहा सेकंदांत शर्यत मारली, विश्वविक्रमाशी बरोबरी केली. नंतर रिलेत शेवटची धाव त्याची. हातात दांडी आली तेव्हा अमेरिका पाचवी होती. त्यानं एकेकाला मागे टाकत सुवर्ण आणलं, तेही विश्वविक्रमासह!

असा माणूस फुटबॉलमध्ये काय करणार, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. पण १९६५ मध्ये तो डॅलस काउबॉइज संघात आला, वाइड रिसीव्हर म्हणून. म्हणजे काय? तर हा गडी रांगेच्या अगदी कडेला उभा राहतो. खेळ सुरू झाला की सुसाट पुढे पळतो आणि मागून लांब फेकलेला चेंडू पळता पळता झेलतो. समोरचे त्याला अडवायला, पाडायला टपलेले. या खेळात अंतर मोजतात वारात. हो, आपल्या नऊवारीतला तोच वार! बॉबनं काउबॉइज आणि शेवटचं एक वर्ष सॅन फ्रान्सिस्कोकडून खेळून ३७१ झेल घेतले, एका झेलामागे सरासरी वीस वार. म्हणजे दोन नऊवाऱ्या अंथरून वर दोन वार उरतात!

त्याच्यामागे धावणं एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. मग इतर संघांनी माणसामागे माणूस लावण्याऐवजी मैदानाचे भाग वाटून घेऊन राखण करायची पद्धत वाढवली. एका माणसाच्या वेगापायी खेळाची रीत बदलली, म्हणा ना.

चुकाही झाल्या. ३१ डिसेंबर १९६७ ला ग्रीन बे इथं उणे पंचवीस अंशांच्या थंडीत सामना होता. ज्या डावात चेंडू आपल्याकडे येणार नाही, तेव्हा बॉब हात पँटमध्ये खुपसून उबेला ठेवायचा. समोरच्यांनी ते बरोबर हेरलं! काउबॉइज तो सामना हरले. पण जानेवारी १९७२ मध्ये त्यांनी मायामीला हरवून सुपर बोल जिंकला. ऑलिम्पिक सुवर्ण आणि सुपर बोल, दोन्ही मिळवणारा बॉब पहिला.

इथंच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं... १९७५ नंतर खेळ सुटला. दारू आणि अमली पदार्थांनी घेरलं. १९७८ मध्ये अमली पदार्थ विकल्याबद्दल अटक झाली, गुन्हा कबूल केला, दहा महिने तुरुंगात काढले. ज्याच्यासाठी लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, त्याच्याकडे पाठ फिरली.

पण मला भावलं ते पुढचं. बाहेर आल्यावर तो व्यसनाशी झगडला आणि १९९४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, आपल्या जुन्या विद्यापीठातून अर्धवट राहिलेली पदवी पुरी केली. चाळिशीत परीक्षेचा अर्ज भरताना आपला हात कसा थरथरतो, ते आपल्यातल्या कित्येकींना ठाऊक आहे!

काउबॉइजनी २००१ मध्ये त्याचं नाव स्टेडियमवरच्या मानाच्या यादीत घेतलं, ते त्यानं पाहिलं. पुढच्याच वर्षी, १८ सप्टेंबर २००२ ला, जॅक्सनव्हिललाच तो गेला. वय अवघं एकोणसाठ. खेळातला सर्वोच्च मान म्हणजे हॉल ऑफ फेम. २००४ मध्ये नाव चर्चेला आलं आणि राहून गेलं. मिळाला तो २००९ मध्ये. हार घालायला गळाच उरला नव्हता.

चूक त्याची होतीच, शिक्षाही त्यानं भोगली. पण शिक्षा संपल्यावरही लोकांच्या मनातली केस किती वर्षं चालू राहते, नाही? आपल्या घरात, भावकीतही असा एखादा असतोच. सुधारलेला, पण कार्याला न बोलावलेला. येत्या सणाला त्याला एक फोन करून बघूया का? मी तरी ठरवलंय.