लंडनच्या कष्टकऱ्यांना घर देणारा कापड-व्यापारी : जॉर्ज पीबॉडी

दान करणारी माणसे प्रत्येक देशात आणि प्रत्येक काळात होऊन गेली. अन्नदान, औषधदान, विद्यादान यांची परंपरा जगभर आढळते. परंतु शहरातील कष्टकरी माणसाला राहते घर मिळावे, ते त्याने भिक्षा म्हणून नव्हे तर भाडे भरून सन्मानाने घ्यावे, आणि त्या भाड्यातूनच पुढच्या कुटुंबासाठी नवे घर उभे राहावे, अशी योजना दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी अमलात आणणाऱ्यांमध्ये जॉर्ज पीबॉडी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ते जन्माने अमेरिकन होते, त्यांची कर्मभूमी लंडन होती आणि त्यांच्या व्यवसायाची जडणघडण कापडाच्या दुकानात झाली होती. गज आणि कात्री हातात धरून लहानाचे मोठे झालेल्या आम्हा कापड व्यापाऱ्यांना त्यांचे चरित्र म्हणूनच विशेष जवळचे वाटते.

बालपण आणि उमेदवारी

जॉर्ज पीबॉडी यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७९५ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात, डॅन्व्हर्स या गावी झाला. घरात भावंडे पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी. शालेय शिक्षण जेमतेम चार वर्षे झाले आणि वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांना गावातील एका किराणा दुकानात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. दुकान झाडणे, माल मोजून देणे आणि वही लिहिणे हेच त्यांचे पुढील शिक्षण ठरले. नंतर न्यूबरीपोर्ट येथे थोरल्या भावाच्या कापड दुकानात ते काम करू लागले. १८११ हे वर्ष मात्र या कुटुंबाची परीक्षा पाहणारे ठरले. त्याच वर्षी वडील कर्ज मागे ठेवून निवर्तले आणि न्यूबरीपोर्टच्या मोठ्या आगीत तेथील बाजारपेठ भस्मसात झाली.

सोळा-सतरा वर्षांच्या या तरुणाने १८१२ मध्ये काकांसोबत दक्षिणेची वाट धरली आणि वॉशिंग्टनजवळील जॉर्जटाऊन येथे दुकान चालविण्यास घेतले. तेथे एलिशा रिग्ज या अनुभवी व्यापाऱ्याशी त्यांची ओळख झाली आणि १८१४ मध्ये दोघांनी भागीदारीत घाऊक कापडाची पेढी काढली. पुढे पेढी बाल्टिमोर शहरात गेली, फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथे शाखा निघाल्या. काही वर्षांतच त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले, गहाण पडलेले घर सोडविले आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा भार उचलला. स्वतः शाळेस मुकलेल्या या माणसाने पुढे आयुष्यभर ग्रंथालये व शिक्षणसंस्था यांना मुक्तहस्ते साहाय्य केले, त्याचे मूळ या दिवसांत आहे.

पेढीवरून पतपेठेकडे

माल खरेदीसाठी पीबॉडी १८२७ मध्ये प्रथम इंग्लंडला गेले. लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड अमेरिकेत नेणे आणि अमेरिकेचा कापूस व इतर माल इंग्लंडला पोहोचविणे, या व्यवहारात त्यांनी अटलांटिक महासागर अनेकदा ओलांडला आणि १८३७ पासून ते लंडनमध्येच स्थायिक झाले. कापडाच्या व्यवहारात उधारी असते आणि हुंडी असते. हुंडीच्या पाठोपाठ सावकारी येते. अशा क्रमाने त्यांची पेढी हळूहळू बँकिंगकडे वळली.

त्यांची पत कशावर उभी होती, हे एका प्रसंगावरून ध्यानात येते. मेरीलँड राज्यासाठी लंडनच्या बाजारात कर्ज उभारण्याचे काम त्यांच्याकडे होते. १८४२ मध्ये आर्थिक मंदीमुळे त्या राज्याने व्याज थकविले आणि लंडनमध्ये अमेरिकन माणसाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. राज्याने आपला शब्द पाळावा यासाठी पीबॉडी यांनी सतत पाठपुरावा केला. अखेर व्याज पुन्हा सुरू झाले, तेव्हा स्वतःची सुमारे ६० हजार डॉलरची दलाली त्यांनी घेतली नाही. १८५७ च्या मंदीत त्यांची स्वतःची पेढीही डळमळली. बँक ऑफ इंग्लंडच्या कर्जाच्या आधाराने ती सावरली, आणि त्यांच्या नावाला बट्टा लागला नाही.

१८५४ मध्ये त्यांनी जुनियस मॉर्गन यांना भागीदार करून घेतले. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मॉर्गन बँकेचा उगम याच पेढीत आहे. पीबॉडी अविवाहित राहिले. त्यांची राहणी कमालीची काटकसरीची होती. थोड्या स्वस्त बसची वाट पाहत ते पावसात उभे राहत, अशी आख्यायिका त्यांच्याविषयी सांगितली जाते. पाहणाऱ्यांना ते कंजूष वाटत; परंतु वाचविलेल्या पैशाचे काय करायचे हे त्यांनी मनाशी ठरविले होते.

येथे एक गोष्ट नोंदविणे प्रामाणिकपणाचे होईल. ज्या अमेरिकन कापसाच्या व्यापारातून त्या काळच्या अनेक पेढ्यांप्रमाणे त्यांच्याही पेढीला लाभ झाला, तो कापूस दक्षिणेकडील गुलामांच्या श्रमातून पिकत होता. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि १८६७ पासून पीबॉडी यांनी उद्ध्वस्त दक्षिणेतील शिक्षणासाठी २० लाख डॉलरहून अधिक निधी दिला. दानाने संपत्तीचा उगम बदलत नाही, याचे भान चरित्र वाचताना ठेवावयास हवे.

लंडनची अवस्था

१८६१ च्या सुमारास लंडनची लोकसंख्या २८ लाखांच्या घरात होती. जगातील सर्वांत श्रीमंत शहर म्हणून त्याचा लौकिक होता. पण त्याच शहरात गोदीवरचा हमाल, शिंपी, विणकर आणि फेरीवाला आपल्या कुटुंबासह एकाच अंधाऱ्या खोलीत राहत असे. कित्येक कुटुंबे तळघरांत राहत. संडास व पाण्याचा नळ संपूर्ण गल्लीत मिळून एखादाच असे. पटकीच्या साथी वारंवार येत. त्यातच रेल्वेमार्गांसाठी आणि नव्या रस्त्यांसाठी गरिबांच्या वस्त्या पाडल्या जात होत्या आणि उठविलेली माणसे शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागत होती. गरिबांसाठी घरे बांधणे हे आपले कर्तव्य आहे, असे तेथील शासन अद्याप मानत नव्हते.

लंडनसाठी काही करावे हे पीबॉडी यांच्या मनात होते. गरीब मुलांच्या शाळांना देणगी द्यावी, असा त्यांचा आरंभीचा विचार होता. समाजसुधारक लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचे मत घेतले असता, गरिबांची सर्वांत तातडीची गरज निवाऱ्याची आहे असा सल्ला मिळाला. पीबॉडी यांनी तो मानला. देणाऱ्याने आपली आवड बाजूला ठेवून घेणाऱ्याची गरज विचारावी, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पाच लाख पौंडांचा विश्वस्त निधी

१२ मार्च १८६२ रोजी त्यांनी विश्वस्तांच्या नावे पत्र लिहून १ लाख ५० हजार पौंडांचा निधी जाहीर केला. १८६६ व १८६८ मध्ये प्रत्येकी १ लाख आणि अखेर आणखी १ लाख ५० हजार पौंड मिळून एकूण निधी ५ लाख पौंड झाला. अटी थोड्या आणि स्पष्ट होत्या. लाभार्थी लंडनचा गरीब रहिवासी असावा, त्याची वागणूक चांगली असावी, आणि धर्मपंथ किंवा राजकीय पक्ष यांवरून कोणालाही वगळले जाऊ नये.

पहिली इमारत १८६४ मध्ये स्पिटलफील्ड्स भागात कमर्शियल स्ट्रीटवर उभी राहिली. तिचे वास्तुरचनाकार हेन्री डार्बिशायर होते आणि खर्च सुमारे २२ हजार पौंड आला. तीत ५७ बिऱ्हाडांची सोय होती, रस्त्याच्या बाजूस ९ दुकाने होती, वरच्या मजल्यावर स्नानाची व कपडे धुण्याची व्यवस्था होती आणि दोन बिऱ्हाडांमध्ये एक शौचकूप होते. आज हे साधे वाटेल. त्या काळच्या कष्टकऱ्यास ते नवल होते. पुढील वर्षी इस्लिंग्टन येथे दुसरी वसाहत झाली. तेथे मधोमध मोकळे अंगण ठेवून चारही बाजूंनी इमारती बांधल्या. अंगणात मुले खेळू शकत आणि खोल्यांत उजेड व हवा येई. पुढील बहुतेक वसाहती याच धर्तीवर झाल्या.

या योजनेचे हिशेबी अंग वाणिज्य शाखेच्या माणसाला अधिक भावते. त्या काळी काही गृहनिर्माण कंपन्या भागधारकांना ५ टक्के लाभांश देऊन गरिबांसाठी घरे बांधीत. पीबॉडी यांच्या निधीला भागधारकच नव्हते. विश्वस्तांनी सुमारे ३ टक्के उत्पन्न सुटेल इतकेच भाडे ठेवले. म्हणजे १०० पौंड गुंतविले तर खर्च वजा जाता वर्षाअखेर ३ पौंड उरत, आणि ते नव्या बांधकामात जात. मूळ भांडवल घटत नव्हते, उत्पन्न पुन्हा त्याच कामास लागत होते. दानाचा पैसा एकदा खर्चून संपविण्याऐवजी तो पिढ्यान्‌पिढ्या कामी यावा, ही व्यापाऱ्याची दृष्टी त्यामागे होती.

या दानामुळे लंडनकरांनी त्यांना डोक्यावर घेतले. १८६२ मध्ये लंडन शहराचे सन्माननीय नागरिकत्व त्यांना मिळाले. असा मान मिळविणारे ते पहिले अमेरिकन. लंडनच्या जुन्या कापड-व्यावसायिकांच्या क्लॉथवर्कर्स या श्रेणीनेही त्यांना आपले सन्माननीय सभासदत्व दिले. राणी व्हिक्टोरिया यांनी देऊ केलेला किताब त्यांनी नम्रपणे नाकारला आणि त्याऐवजी राणीचे पत्र व तसबीर स्वीकारली. रॉयल एक्स्चेंजजवळ त्यांचा पुतळा त्यांच्या हयातीतच, जुलै १८६९ मध्ये, बसविण्यात आला.

४ नोव्हेंबर १८६९ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांचा पार्थिव देह काही काळ ठेवण्यात आला. जन्मभूमीत दफन व्हावे ही त्यांची इच्छा होती. ब्रिटिश आरमाराच्या ‘मोनार्क’ या युद्धनौकेतून देह अमेरिकेस नेण्यात आला आणि फेब्रुवारी १८७० मध्ये सेलम येथे त्यांचे दफन झाले. त्यांच्या जन्मगावाने त्यापूर्वीच, १८६८ मध्ये, त्यांचे नाव धारण केले होते.

निधीचे कार्य आणि त्याच्या मर्यादा

दात्याच्या मृत्यूनंतर विश्वस्तांची खरी कसोटी लागली. १८७५ च्या कायद्याने लंडनच्या नगर मंडळास गलिच्छ वस्त्या ताब्यात घेऊन पाडण्याचा अधिकार मिळाला. मोकळ्या झालेल्या अनेक जागा मंडळाने १८७९ मध्ये पीबॉडी निधीस खरेदीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत दिल्या. हा तोटा करदात्यांनी सोसला, म्हणजे स्वस्त घरामागे सार्वजनिक साहाय्यही उभे राहिले. १८८२ पर्यंत निधीची सुमारे ३,५०० घरे झाली आणि त्यांत १४,६०० हून अधिक माणसे राहू लागली.

तथापि या कार्यावर टीकाही झाली आणि ती निराधार नव्हती. भाडे दर आठवड्यास आगाऊ द्यावे लागे, थकबाकी चालत नसे. घरातील प्रत्येकास देवी टोचलेली असावी लागे. जिने व ओटे पाळीपाळीने धुवावे लागत, कुत्रा पाळण्यास, पोटभाडेकरू ठेवण्यास, भिंतीत खिळा ठोकण्यास मनाई होती, रात्री अकराला मुख्य दार बंद होई. बाहेरचे कपडे धुण्यास आणून पोट भरणाऱ्या विधवेला तेथे जागा नव्हती. गोदीवर एक दिवस काम आणि दोन दिवस रिकामे हात अशी ज्याची स्थिती, तो आठवड्याचे भाडे आगाऊ कोठून आणणार? परिणामी ज्यांच्या झोपड्या पाडल्या ते बहुधा दुसरीकडे गेले आणि नव्या इमारतीत नियमित वेतनाचा कामगार आला. ३ टक्क्यांच्या ज्या नियमाने निधी टिकला, त्याच नियमाने सर्वांत गरीब माणूस दाराबाहेर राहिला.

ही उणीव एका दात्याच्या हातून भरून निघणारी नव्हती. १८८९ मध्ये लंडन कौंटी कौन्सिल स्थापन झाले, १८९० च्या कायद्याने त्यास घरे बांधण्याचे अधिक व्यापक अधिकार मिळाले आणि १९०० मध्ये बाउंडरी इस्टेट ही त्याची मोठी वसाहत सुरू झाली. शासन या क्षेत्रात उतरले तेव्हा त्याच्यासमोर पीबॉडी वसाहतींचा तीन दशकांहून अधिक काळाचा अनुभव होता. त्यातील यशाचा आणि चुकांचाही.

पीबॉडी संस्था आजही कार्यरत आहे. शासनाचे अनुदान, कर्जे आणि इतर संस्थांचे विलीनीकरण यांमुळे तिचा विस्तार झाला असून, लंडन व आसपासच्या भागात तिची १ लाखाहून अधिक घरे आहेत. मूळ ५ लाख पौंडांनी लावलेले रोप इतके पसरले, यामागे विश्वस्तांच्या अनेक पिढ्यांनी जपलेला हिशेब आहे.

विश्वस्त संस्थेचे काम पाहणाऱ्या प्रत्येकाने या चरित्रातून दोन प्रश्न स्वतःस विचारावेत. आपल्याकडे सोपविलेले भांडवल आपण पुढच्या पिढीस अखंड देणार आहोत काय? आणि आपले नियम पाळणे ज्याला शक्यच नाही, अशा माणसासाठी आपल्या दारात काही जागा आहे काय? पीबॉडी यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याच्या कमाईतून दिले. दुसऱ्याचे उत्तर त्यांच्या विश्वस्तांना पूर्णपणे सापडले नाही, आणि ते शोधण्याचे काम आजही संपलेले नाही. जॉर्ज पीबॉडी यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.