मळ्या, शिंगाळा आणि कर्नल साइक्स

आमच्या रूममध्ये खिडकीपाशी दोन फुटांची काचेची टाकी आहे. चेंबूरच्या हॉस्टेलवर आलेला प्रत्येक जण ती बघतो आणि पहिला प्रश्न विचारतो, गोल्डफिश कुठे आहे? गोल्डफिश नाहीये. आत आहेत चार मळकट तपकिरी मासे, बोटाएवढे, दिवसभर दगडाला चिकटून बसणारे. माझ्या रूम पार्टनरच्या गावाजवळ, कर्जतकडच्या एका ओढ्यातून ते आणलेत. प्लास्टिकच्या बरणीत घालून, सेलवर चालणारा एअर पंप लावून, लोकलच्या गर्दीत बरणी छातीशी धरून. पहिल्या खेपेला सहा आणले होते, त्यातला एकही वाचला नाही. नळाचं पाणी तसंच ओतलं, क्लोरीनचा विचारच केला नाही. केमिस्ट्रीत मला बरे मार्क्स होते, हे इथे मुद्दाम सांगत नाही!

दुसऱ्या खेपेला पाणी आधी एक दिवस बादलीत उघडं ठेवलं, प्रवाहासाठी फिल्टर लावला, आणि मासे जगले. मग प्रश्न आला, यांचं नाव काय? पार्टनरची आजी त्यांना मळ्या म्हणते. शास्त्रीय नाव शोधलं तर निघालं गारा मुल्या. मी दोनदा वाचलं. लॅटिन नावात आजीचा मळ्या कसा काय घुसला? याचं उत्तर शोधताना ज्या माणसाची ओळख झाली, त्याच्याविषयी हा लेख. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखनाकडे कानाडोळा करावा ही विनंती.

त्यांचं नाव विल्यम हेन्री साइक्स. जन्म २५ जानेवारी १७९०, यॉर्कशायरमधल्या एका घराण्यात. १८०३ साली, म्हणजे आपण आठवीत असतो त्या वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत कॅडेट झाले. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात होते. त्या काळी हिंदुस्थानात आलेले बरेच साहेब हुकूम देण्यापुरती भाषा शिकत. साइक्ससाहेबांनी मात्र १८१० मध्ये हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांची दुभाष्याची परीक्षा पास केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचाच उपयोग झाला.

आता एक कडू गोष्टही सांगायला हवी. १८१७ साली खडकीची लढाई झाली आणि पेशवाई बुडायला सुरुवात झाली. त्या लढाईत साइक्ससाहेब कंपनीच्या बाजूने एका देशी पलटणीचं नेतृत्व करत होते. नंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमेतही ते होते. म्हणजे ज्या मुलखातले मासे त्यांनी पुढे इतक्या प्रेमाने रंगवून घेतले, तो मुलूख आधी त्यांनी बंदुकीच्या बळावर घेतलेला होता. त्यांची गोष्ट सांगताना हे गाळलं तर ती अर्धी खोटी होईल.

१८२० मध्ये ते रजेवर युरोपात गेले, चार वर्षं फिरले आणि १८२४ मध्ये परत आले. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्यांनी साइक्ससाहेबांना एक नवंच काम दिलं. मुंबई सरकारचे स्टॅटिस्टिकल रिपोर्टर! आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा कलेक्शन. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे फिरायचे आणि सगळं मोजायचं. माणसं, जमीन, पिकं, पाऊस, हवा. सरकारचा हेतू अर्थातच महसुलाचा होता. पण साइक्ससाहेब मोजायला बसले की थांबत नसत.

आपल्या ब्रँचच्या मुलांना आवडतील अशा दोन गोष्टी सांगतो. एक, डोंगराची उंची मोजायला ते पाणी उकळत. जितकं वर जावं तितका हवेचा दाब कमी आणि पाणी तितक्या कमी तापमानाला उकळतं, यावरून उंचीचा हिशोब निघतो. आपण फिजिक्सच्या व्हायवाला हे पाठ करून जातो, त्यांनी सह्याद्रीत थर्मामीटर घेऊन केलं. दोन, हवेचा दाब दिवसात ठरावीक वेळी चढतो आणि ठरावीक वेळी उतरतो, भरती-ओहोटीसारखा. दख्खनमधल्या या निरीक्षणांवरचा त्यांचा शोधनिबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्याआधीच, १८३४ मध्ये, ते त्या सोसायटीचे फेलो झाले होते.

डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने ही पोस्टच रद्द केली. प्रोजेक्ट अर्धवट असताना फंडिंग बंद! आपल्यापैकी कोणीही सुटकेचा श्वास सोडला असता. साइक्ससाहेबांनी लष्करी नोकरीत परत जाण्याऐवजी काम चालू ठेवलं, ते जानेवारी १८३१ पर्यंत. मगच ते विलायतेला गेले.

सोबत काय नेलं? आकड्यांची बाडं, आणि प्राणी-पक्ष्यांच्या नोंदींचा मोठा साठा. १८३१ मध्ये त्यांनी आपल्या कोळसून या रानकुत्र्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नावात दख्खन घातलं, कॅनिस दुखुनेन्सिस. १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी आली. एका चंडोलाला इंग्रजीत आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

आणि मग मासे. नोव्हेंबर १८३८ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीत त्यांनी दख्खनच्या माशांवरचा निबंध वाचला. १८३९ मध्ये त्याचा सारांश छापून आला आणि १८४१ मध्ये चित्रांसह पूर्ण निबंध. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी या नद्यांतले चाळीसहून जास्त मासे त्यात आहेत, आणि त्यातले बहुतेक तोवर शास्त्राला माहीत नव्हते. एल्फिन्स्टनसाहेबांचं नाव त्यांनी एका अहिराला दिलं. गव्हर्नरला सापासारखा दिसणारा मासा भेट देणं हा सन्मान की चेष्टा, हे तुम्हीच ठरवा.

पण खरी गंमत बाकीच्या नावांत आहे. त्या काळचे शास्त्रज्ञ नवीन माशाला ग्रीक-लॅटिन नाव देत, नाहीतर एखाद्या मोठ्या माणसाचं. साइक्ससाहेबांनी तसंही केलं. पण बऱ्याच माशांना नदीकाठी जे नाव ऐकलं तेच ठेवलं. शिंगाळा झाला सींघला, शिंगटी झाली सींगटी, मळ्याचा झाला मुल्या. कोलूस, बोग्गट, फुलुंगी, ताक्री, खुद्री अशी नावं जगभरच्या म्युझियममध्ये आज लॅटिनचा कोट घालून बसली आहेत. पोटेल नावाचाही एक मासा आहे. मोठ्याने म्हणून बघा, पाटील ऐकू येतं की नाही? इंद्रायणीतल्या एका माशाच्या नाकाडावर टेंगूळ असतं. त्याचं नाव नुक्ता. आपण अक्षराखाली टिंब देतो, त्या शब्दासारखंच ऐकू येतं!

ही नावं साहेबांना कोणी सांगितली? हे लोक नदीवर जाळं टाकणारे भोई, कोळीच असणार. कुठला मासा डोहात, कुठला खळाळत्या पाण्यात, कुठला पावसाच्या पहिल्या पुरात वर चढतो, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. माशांच्या नावापुढे शोधक म्हणून साइक्स लागतं, भोयांपैकी एकाचंही नाव लागलेलं नाही. मात्र साहेबांना मराठी येत नसती तर त्यांचे शब्दही गेले असते. त्यांनी माणसांना श्रेय दिलं नाही, पण त्यांच्या भाषेला दिलं. मला तरी हे अर्धं श्रेय कमी वाटत नाही, आणि पुरेसंही वाटत नाही.

पुढे साइक्ससाहेब बरेच मोठे झाले. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या स्थापनेत त्यांचा हात होता. १८४० मध्ये ते कंपनीचे डायरेक्टर झाले, १८५६ मध्ये चेअरमन. १८५७ पासून मरेपर्यंत ते ॲबरडीनचे खासदार होते. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

आता प्रश्न असा की आज, चेंबूरच्या हॉस्टेलमध्ये, या माणसाचं करायचं काय?

साइक्ससाहेबांच्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज सापडत नाहीत. उरलीत ती चित्रं आणि थोडक्यात लिहिलेली वर्णनं. त्यामुळे गोंधळ झाले. मुसुल्लाह नावाच्या त्यांच्या माशाला लोक कित्येक वर्षं महसीर समजत होते. २०१३ मध्ये अभ्यासकांनी सगळं पुन्हा तपासून दाखवलं की तो महसीर नाहीच, त्याचा जीनस वेगळा. असा घोळ सोडवायचा तर त्याच नदीवर परत जावं लागतं. पण नदीत मासाच उरला नसेल तर? पुणे शहरातली मुळा-मुठा आज बघा. साहेबांनी जिथे मासे गोळा केले, तिथे आता सांडपाणी वाहतं. इंद्रायणीतला नुक्ता आज संकटग्रस्त यादीत आहे. पुस्तकात नाव आहे, पाण्यात मालक नाही, अशी वेळ यायला नको.

मग मासे पाळून, वाटून वाचवावेत का? इथे खुद्रीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. खुद्री म्हणजे आपला दख्खनचा महसीर. धरणांमुळे तो कमी होत चालला, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला वळवण तलावापाशी टाटांच्या वीज कंपनीने त्याची पैदास सुरू केली. लाखो पिल्लं तयार झाली आणि देशभर वाटली गेली. हेतू एकदम चांगला. पण त्यातली काही कावेरीत पोचली. कावेरीचा स्वतःचा एक महसीर आहे, पाठीवर वशिंड असलेला, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. पाहुणा तिथे रुजला आणि घरचा मागे पडला. २०१८ मध्ये कावेरीच्या त्या महसीरची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. त्याची कारणं आणखीही आहेत, पण हा पाहुणा त्यातलं मोठं कारण मानतात.

म्हणजे प्रेमाने वाटलेला मासासुद्धा चुकीच्या नदीत पडला की नुकसान करतो. आमच्या टाकीचा नियम आम्ही यावरूनच केला. लागतील तेवढेच आणायचे. अभयारण्यातून किंवा देवाच्या डोहातून आणायचे नाहीत. महाडजवळ वाळणकोंडला काळ नदीच्या डोहात देवीचे म्हणून महसीर राखलेत, अशा जागी फक्त हात जोडायचे. कोणाला द्यायचे तर टाकीतून टाकीत द्यायचे, आणि नदीत, तलावात कधीच सोडायचे नाहीत, कितीही कंटाळा आला तरी. कुठून आणले आणि कधी, हे वहीत लिहून ठेवायचं. ही वही ठेवायची सवय साइक्ससाहेबांची.

ॲक्वेरियम म्हटलं की आपण क्रॉफर्ड मार्केटला जातो आणि चीनचा गोल्डफिश नाहीतर ॲमेझॉनचा एंजल घेऊन येतो. वाईट काही नाही. पण दीड तासावरच्या ओढ्यात जो राहतो त्याचं नावही आपल्याला माहीत नसतं, आणि ज्याचं नाव माहीत नाही तो गेला तर कळणार कसं? पार्टनरच्या आजीला नाव माहीत आहे. दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या साहेबाने असं नाव विचारलं आणि लिहून ठेवलं. आपली तर ती मातृभाषा आहे!

तेव्हा या सुट्टीत घरी गेलात की एवढंच करा. गावच्या नदीवर जा, जाळं टाकणाऱ्या कोणा काकांना गाठा, आणि माशांची नावं विचारून लिहून आणा. सबमिशनच्या धावपळीत जमलं तर आमच्या रूमवरही या. मळ्या तुम्हाला दगडाला चिकटलेला दिसेल. आणि हो, काकांचं नावही लिहायला विसरू नका. साहेब नेमके तेवढंच विसरले होते.