काँग्रेसचे संस्थापक ह्यूम आणि रानपिंगळा यांचा संबंध काय? समजून घ्या

देवळीच्या शिवारात रात्री दिसलेल्या पिंगळ्याची तारीख आणि जागा आज मोबाइलवर लगेच नोंदवता येते. दीडशे वर्षांपूर्वी हे काम पत्रांवर चालायचे. ते चालवणाऱ्यांत आघाडीवर होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (१८२९-१९१२).

पत्रांतून पक्षी सर्वेक्षण
सनदी अधिकारी असलेल्या ह्यूम यांनी देशभरातील हौशी निरीक्षकांना कामाला लावले. त्यांच्या नोंदी छापण्यासाठी १८७२मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी एफ. आर. ब्लेविट यांना मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या छत्तीसगडमध्ये, एक वेगळे घुबड मिळाले. वर्धाही तेव्हा याच प्रांतात होता. १८७३मध्ये ह्यूम यांनी या रानपिंगळ्याच्या शास्त्रीय नावात ब्लेविट यांचे नाव घातले.

हस्तलिखिते रद्दीत
ह्यूम यांच्या पक्षीग्रंथाची हस्तलिखिते नोकराने रद्दीत विकली. खचलेल्या ह्यूम यांनी १८८५मध्ये पक्षी आणि अंड्यांचे सुमारे ८२ हजार नमुने ब्रिटिश म्युझियमला दिले. त्याच वर्षी मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले.

११३ वर्षांनी पुन्हा दर्शन
१८८४नंतर रानपिंगळ्याची खात्रीशीर नोंद मिळेना. १९१४चा म्हणून दाखवलेला एक नमुना म्युझियममधून चोरलेला निघाला, त्यावरची जागाही खोटी होती. ती वगळून संशोधकांनी एकोणिसाव्या शतकातील खऱ्या नोंदींचा माग काढला. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. पुढे मेळघाटातही आढळला.

म्हणूनच पक्षीगणनेत जागा कधीही अंदाजाने लिहू नये.